पाहुण्यांची मूठ

"पहिली मूठ पाव्हनास्ले, मंदे. मंग आपली."

आईला जाऊन वर्षं लोटली, पण पेरणीच्या दिवशी हा आवाज मंदाबाईच्या कानात उठायचाच. धरणाचं पाणी हटलं, काळा गाळ उघडा पडला, की सगळी वस्ती तिथं हरभरा पेरायची. आणि बाईमाणसानं आधी काठावरच्या करकोच्यांपुढं दाणा टाकायचा. दूरदेशीचे पाहुणे ते. त्यांना उपाशी ठेवून पेरलेलं उगवत नाही. कुणी मूठभर टाकी, कुणी ओंजळभर. मंदाबाईचा हात मोठा, ती सूपभर टाकायची.

यंदा तिच्या दिरानं, आधारनं, सगळ्या बियाण्याला वाळवीचं औषध चोळून ठेवलं होतं. बिनऔषधाचा दाणा घरात उरला नव्हता. मंदाबाईनं सूप काठावर नेलं, हरभरा दोनदा खळखळून धुतला. गुलाबी रंग उतरला, बोटांचा वास गेला. मग टाकला.

सकाळी काठावर राखाडी पिसंच पिसं. माना चिखलात, पंख अर्धे उघडे, जणू उडता उडता कुणी हाक मारली. एक अजून पाय झाडत होता. तिनं त्याला पदरात घेतलं. लाल डोळा तिच्याकडं लागलेला होता, तसाच राहिला. पदर जड झाला.

दुपारी वनखात्याची जीप आली. गेल्या साली वस्तीतल्या जीवरामच्या मासळीच्या जाळ्यात पाणकोंबडी सापडली होती, म्हणून वनपालानं त्यालाच धरलं.

"साहेब, मी मासा धरस," जीवराम म्हणाला. "पाखरं धरता उनं असतं ते मीभी त्यासनासंगे उडी जातू."

कुणी हसलं नाही.

"पाणकोंबडी खाल्लीस की नाही?"

"खादी ना! पन जहर घालीसन कोन खास, साहेब?"

"ते पिंपळनेरच्या ऑफिसात सांग. बस गाडीत."

मंदाबाई पुढं झाली, तसा आधारनं तिचा दंड धरला. "वहिनी, गाळ सरकारना शे. तोंड उघडशी ते उद्या आपली पेरनी बंद. बठ्ठी वस्ती उपाशी मरी. त्याले काय, दोन दिवसमा सोडतीन."

ती थांबली. वस्तीतल्या बाया खाली बघत होत्या. त्यांच्याही घरी तेवढाच गाळ, तेवढाच हरभरा. जीवरामची बायको बेबाबाई जीपच्या दाराला लोंबकळली होती. शिपायानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

गाडी सुरू झाली. जीवरामनं मान बाहेर काढली. "मंदाअक्का! हाई रडत बसी. तिले दोन घास खावाड जो."

दुसऱ्या कुणाला नाही, तिलाच.

मंदाबाईनं दंड सोडवून घेतला आणि जीपच्या आडवी जाऊन उभी राहिली. ब्रेक करकचले. वनपाल खाली उतरला, "काय बाई, मरायचंय का?"

"तेले उतारा, साहेब. दाना मी टाका." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "दवाई लायेल व्हती. दोनदाव धोया मी... पन जहर धोवाई जात नही, माले माहीत व्हतं."