चौथी गोळी

"या वेळी तरी श्वास रोखून धर, उल्हास," डेल कुजबुजला. "आणि घाई नको."

उल्हास गवतात पालथा पडला होता. कोपरं सोलवटली होती, तीन गोळ्या फुकट गेल्या होत्या. सोयाबीन फस्त करणारे ग्राउंडहॉग, म्हणजे आपल्या घुशीचे थोरले भाऊ, त्याच्या डोळ्यांदेखत मजेत बिळात शिरले होते. शिकारीचा सीझन नुकताच उघडला होता. नेपरव्हिलच्या इन्शुरन्स ऑफिसात वर्षानुवर्षं मान खाली घालून क्लेम तपासणाऱ्या माणसाला त्याच्या साहेबाने, डेलने, पहिल्यांदाच आपल्या भावाच्या शेतावर बोलावलं होतं. आणि हा पठ्ठ्या नुसती मातीला भोकं पाडत होता! एक तरी लागू दे म्हणून त्याने मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

"तिकडे. कुंपणाजवळ. ब्राउन. दिसलं?"

दिसलं. उंच तणात एक तपकिरी पाठ खालीवर होत होती. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, तरी त्याने नेम धरला आणि चाप ओढला.

"मिस्ड अगेन!" डेल खो खो हसला.

पण ग्राउंडहॉग पळाला नाही. तो उभा राहिला. चांगला पाच फूट उंच, अंगावर तपकिरी शाल, हातात हिरवी जुडी.

"अहो!" तिकडून हाक आली. "केवढा आवाज करता! आणि हे बघा, चाकवत! नुसता माजलाय इथे!"

शुभा! त्याची बायको! तिला तर घराच्या ओसरीवर डेलच्या वहिनीजवळ बसवून आला होता तो.

डेलचं हसू जागच्या जागी विरलं. "ओ गॉड," तो पुटपुटत राहिला. "मीच दाखवलं तुला. आय पॉइंटेड." त्याने रायफल ओढून घेतली, पण उल्हासची बोटं काही सुटेनात. देवाने माझं ऐकलं असतं तर? तो तिथेच भडाभडा ओकला.

"अगंबाई, काय झालं हो?" शुभा धावत आली. शालीच्या टोकाने तिने त्याचं तोंड पुसलं. "उपाशीपोटी कॉफी ढोसलीत ना!"

तो हो म्हणाला. डेलने मान फिरवली.

परतीच्या वाटेवर, हायवेवरच, त्याने गाडी कडेला घेतली.

"शुभा, ती शेवटची गोळी… मी तुझ्यावर झाडली."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. शेजारून ट्रक धडधडत जात होते.

"मीच आहे हे दिसलं नाही तुम्हाला?"

"पाठमोरी होतीस. वाकलेली."

"सव्वीस वर्षं संसार केला आपण," ती हळू आवाजात म्हणाली. "सिंकपाशी, ओट्यापाशी, सारखी पाठमोरीच तर असते मी."

त्याला रडू फुटलं.

"उठा तिथून. मी चालवते."

शुभाने हायवेवर गाडी कधी घातली नव्हती. ती उतरली आणि गाडीला वळसा घालायला निघाली. ती अंमळ वाकून चालत होती आणि तिचा डावा खांदा जरासा उतरला होता. कधीपासून, ते उल्हासला माहीत नव्हतं.