विसाव्याचं रान

माझ्या बापाने एक झाड तोडलं, म्हणून त्याच्या सख्ख्या भावाने त्याला रानाबाहेर काढलं. हे ऐकलं की लोक विचारतात, सोन्याचं होतं का झाड? साधंच होतं. पण ते विसाव्याच्या रानातलं होतं.

आमच्या लोकांच्या रानाचे चार भाग. तीन वापरायचे आणि एक बारा वर्षं विसाव्याला सोडायचा. तेवढी वर्षं तिथलं लाकूड नाही, मध नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. पाऊलच टाकायचं नाही. मोठे काका राखणदार, म्हणजे हा नियम लोकांकडून पाळून घेणं त्यांचं काम. विसाव्याचं चौथं वर्ष होतं, आई अंथरुणाला खिळलेली, छप्पर खचलेलं आणि बाबांना एक वासा हवा होता. काकांनी कुऱ्हाड काढून घेतली आणि शिक्षा सुनावली: विसावा संपेपर्यंत तू रानात यायचं नाहीस आणि आमच्यातल्या कुणी तुझ्या घराची पायरी चढायची नाही. आम्ही शहरात भाड्याच्या खोलीत आलो आणि आई तिथेच वारली. तेव्हाही काका आले नाहीत. नियम म्हणजे नियम!

पुढे मला नोकरी लागली ती नेमकी एका वकीलबाईंकडे, टायपिंगची. त्या आमच्याच लोकांचा दावा लढवत होत्या: रान पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं, त्यांच्या नावावर कायद्याने व्हावं. ज्या रानात माझ्या बापाला बंदी, त्याचे कागद मी रोज आठ तास बडवत होते.

दाव्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे राखणदार म्हणून काकांची साक्ष व्हायची होती. तिच्या आदल्या आठवड्यात बाईंनी मला समोर बसवलं.

"कायद्याला एकच भाषा कळते, वहिवाट. जमीन वापरता हे दाखवा, जमीन घ्या. चौथ्या भागात अकरा वर्षं कुणी गेलंच नाही असं तुझे काका म्हणाले, की तो भाग गेला. त्यांना सांग, अधूनमधून लाकूड आणतो म्हणावं."

"ते खोटं आहे, बाई."

"तुझ्या वडिलांनी आणलं होतं ना? मग अगदीच खोटं कसं? हे बघ, म्हातारा हट्टी आहे. पाय धर, रड, काय वाटेल ते कर, पण त्याच्याकडून कबूल करून घे."

साक्षीच्या दिवशी मी काकांना आयोगाच्या कचेरीत जिन्याखाली गाठलं. आठ वर्षांनी बोलत होतो. मी बाईंचं म्हणणं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लाकूड आणतो म्हणू? मग पोरी, तुझ्या बापाला मी कशापायी बाहेर काढला?"

इथे मी पाय धरायचे होते. मी गप्प बसले. खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं. माझ्या बापाचं काय केलं, हे या माणसाने भर सभेत स्वतःच्या तोंडाने सांगावं, अशी आठ वर्षं माझी इच्छा होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच.

आयोगाचे अध्यक्ष तसे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"चौथ्या भागात आपले लोक कशासाठी जातात?"

"कशासाठीच नाही," काका म्हणाले. "अकरा वर्षांत तिथे माणूस फिरकलेला नाही. एक शिरला होता. माझा भाऊ. त्याला मी हाकलला." मग ते छाती काढून सगळ्यांकडे बघू लागले. "रान आमचं नसतं, तर सख्ख्या भावाला हाकललं असतं का, साहेब?"

त्यांना वाटलं, याहून मोठा पुरावा तो कोणता! वकीलबाईंनी डोळे मिटले. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने लिहून घेतलं: अकरा वर्षे वापर नाही.

निकाल चार महिन्यांनी आला. वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक विजय म्हणून छापला. कचेरीत केक कापला. तीन भाग आमच्या नावावर झाले होते. चौथ्याबद्दल पान एकवीसवर दोन ओळी होत्या: वहिवाट सिद्ध होत नाही, सदर क्षेत्र पडीक असून त्याचे पर्यावरणीय व्यवस्थापन पात्र संस्थेकडे सोपवण्यात येत आहे. चारांतलं सगळ्यांत दाट रान पडीक ठरलं आणि पात्र संस्था निघाली लाकूड कंपनी.

"तुझ्या काकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला," बाई म्हणाल्या. मी मान हलवली. माझ्या गप्प बसण्याबद्दल त्यांना आजही माहीत नाही.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, काका आमच्या दारात उभे राहिले. बाबा चौकीदारीचा गणवेश धूत होते. साबणाच्या हातांनीच उठले.

"दादा? अजून वर्ष पुरं व्हायचंय."

"नाही. यंत्रं शिरली रानात. विसावा संपला." काका आत आले. "चल. आता तुला यायला हरकत नाही."

हे वाक्य ऐकण्यासाठी माझा बाप आठ वर्षं दिवस मोजत होता. आता तो हात पुसायचंसुद्धा विसरला.

"किती तोडली, दादा?"

"तिथल्या आपल्या घराच्या दारातून पलीकडचा हमरस्ता दिसतो."

काका माझ्याकडे वळले.

"तू कायद्याच्या कचेरीत असतेस, म्हणून विचारतो. लोक म्हणतात, तुझ्या बापासारखी सगळ्यांनी थोडी थोडी तोडली असती, मी कुणाला अडवलं नसतं, तर रान आपलं राहिलं असतं. खरं आहे का ते?"

त्यांना खोटं ऐकायचं होतं. तेवढं तरी मला जमायला हवं होतं. पण मी त्यांचीच पुतणी.

"खरं आहे, काका."

ते तिथेच खाली बसले. बाबा ओल्या हातांनीच त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी कुणीच कुठे गेलं नाही.