भोरटेकचा विस्तव

कुंदा कामावरून आली तेव्हा सासरे अंबादास दारातच बसले होते. मांडीवर सात महिन्यांची मिनू झोपलेली आणि शेजारी कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली.

"मी भोरटेकले जातो पोरी. सोमवारची गाडी आहे."

कुंदा चपलांसकट तशीच उंबऱ्यावर टेकली. दिवसभर औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावून पाठीचा काटा ढिला झाला होता. नवरा जयवंतही दिवसभर कामावर; मुलुंडच्या त्या चाळीत मिनूला सांभाळायला अंबादासांशिवाय कोणी नव्हतं. ते गेले की नोकरी गेली, इतकं सरळ होतं.

"मामंजी, तिथे आहे कोण आता? कुत्रंसुद्धा नाही, तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणूनच."

मग ते हळूहळू बोलत गेले. भोरटेक म्हणजे सातपुड्यातली कोळशाची खदान. तीनशे घरं, शाळा, शनिवारी पडद्यावरचा सिनेमा, दिवसातून तीनदा भोंगा. कोळसा फुकट, म्हणून कुणाची शेगडी कधी विझतच नसे. रात्री राखेखाली झाकायची, सकाळी फुंकायची. एक्याऐंशीत खदानीत पाणी शिरलं. उपसून उपसून पंप थकले आणि माणसं उठू लागली. दारं, कौलं, खिडक्या बैलगाडीत घालून नेली. पण विस्तव न्यायचा कसा? आणि स्वतःच्या हाताने विझवायला कुणाचा जीव होईना. मग निघणाऱ्याने आपले निखारे शेजारच्याच्या शेगडीत टाकायचे, अशी रीतच पडली. शेजारी निघाला की त्याने पुढच्याच्या. करता करता अख्ख्या भोरटेकचा विस्तव एकट्या अंबादासांकडे आला. बायको गेल्यावरही दीड वर्ष त्यांनी तो राखला.

"जयवंत घ्यायले आला, तेव्हा मी वरून राख लोटली अन् 'येतो' म्हटलं. शेगडीले 'येतो' म्हटलं वं! आपल्या हातानं विझवायले पाहिजे होती. सगळ्यांच्या वतीनं."

"दोन दिवसांत विझली असेल ती."

"मले नाही का ठाऊक? पण दिवाळीत कांदिवलीले गुणाजी भेटला. 'आहे ना रे पेटती?' विचारलं त्यानं. मी हो म्हटलं."

गुणाजी खदानीतला, त्यांच्या पाळीतला जुना सोबती. कुंदाला हसू आलं नाही. तिने मिनूला उचलून घेतलं.

"खोटं बोललात कांदिवलीत, आणि जाताय भोरटेकला?"



रविवारी दोन बस बदलून ती त्यांना गुणाजीकडे घेऊन गेली. गुणाजी बनियनवर लसूण सोलत बसला होता. अंबादासांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"विझली रे ती. मी आलो त्याच दिवशी सोडून आलो तिले."

गुणाजीने लसूण बाजूला सारला. मग उठून आत गेला. कुंदाला वाटलं, संपलं. पण आतून स्टोला पंप मारल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्याचा भसाडा गळा.

"ठाऊक होतं मले, बुढ्या! कोणीतरी हो म्हणावं वाटलं, म्हणून विचारलं. बस आता. चहा घे."

परतताना बसमध्ये मिनू अंबादासांच्या खांद्यावर झोपली. कुंदाचेही डोळे मिटत होते.

"उद्या तुझी पाळी कितीची?"

"सातची."

"मग हिच्या दुधात पाणी किती घालायचं, ते एकदा नीट सांग वं. इतके दिवस मी अंदाजानंच घालतो."