निनावी चालत नाही

चंदाबाई गजभियेंना सहसा कशाची किळस येत नसे. दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात उभी हयात नर्स म्हणून काढलेली बाई. पू, ओकारी, कुजलेल्या जखमा, काय पाहायचं राहिलं होतं? ड्रेसिंग करायचं, हात धुवायचे आणि डबा उघडायचा. पण त्या शनिवारी नवरा घरात आला, सोफ्यावर टेकला, बोटांना लागलेलं समोशाचं तेल रुमालाला पुसलं आणि म्हणाला, "झालं बरं का तुमच्या लुंबिनीचं काम." तेव्हा बाईंना जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

पण हे पहिल्यापासून सांगायला हवं.

दादाराव गजभिये केंद्र सरकारच्या मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. दिल्लीनं गिळून टाकलेली जी गावं आहेत ना, त्यांतल्या नंगली बेरीला लागून त्यांचा फ्लॅट. रस्त्याच्या अलीकडे सोसायट्या, पलीकडे गाव. गावात चार-चार मजले चढवलेली घरं आणि काडेपेटीएवढ्या खोल्यांत राहणारी परगावची पोरं-पोरी. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी पद लागतं, नाहीतर जेवण पचत नाही. दादारावांना ते मिळालं. वॉर्डात सुरक्षा समिती निघाली. पार्षद, म्हणजे आपला नगरसेवक, अध्यक्ष, दहाबारा प्रतिष्ठित नागरिक सदस्य, आणि दर तीन महिन्यांनी थान्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या, एसएचओनं, तिथल्या मुख्य साहेबानं, सगळ्या लोकांसमोर उभं राहून कारभाराचा जाब द्यायचा. का? तर पोलिसांवर जनतेचा विश्वास बसावा म्हणून. गळ्यात अडकवायचं कार्डही मिळालं. दूध आणायला जातानासुद्धा ते कार्ड गळ्यात असायचं. चंदाबाई म्हणायच्या, "अहो, म्हशीला पण दाखवा एकदा!"

लुंबिनी हिंगोलीची. तिचे वडील दादारावांचे गावाकडच्या विहारातले जुने स्नेही. पोरगी यूपीएससीच्या अभ्यासाला आली होती, गावात तिसऱ्या मजल्यावर खोली करून राहत होती. रविवारी वंदना झाली की थेट चंदाबाईंच्या स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून उभ्याउभ्या भाकरी-ठेचा खायची आणि एवढं बोलायची की भाकरी करपायची. त्या रविवारी मात्र बोलेना.

"काय गं? क्लासमध्ये काही झालं का?"

"नाही काकू."

"मग? पोटात दुखतंय?"

भाकरी बाजूला ठेवून तिनं सांगितलं. बीटवर एक हवालदार होता, ओमवीर नावाचा. भाडेकरूंच्या व्हेरिफिकेशनसाठी म्हणून पहिल्यांदा आला. कागद पाहिले, फोन नंबर घेतला, गेला. मग मेसेज सुरू झाले. जेवलीस का, एकटीच राहतेस का, फोटो बदल ना. लायब्ररीतून परतताना गल्लीच्या तोंडावर मोटारसायकल आडवी लावून उभा. मागच्या आठवड्यात पुन्हा खोलीवर आला, "व्हेरिफिकेशन अधूरा है" म्हणत पलंगावर बसला आणि उठताना तिचा हात धरला. सोडेचना. खालून घरमालकीण ओरडली म्हणून सुटला.

"प्रीलिम तोंडावर आहे काकू. मला फक्त तो खोलीवर यायला नकोय. त्याला दुसरीकडे टाकता येईल का? पण माझं नाव नको. बाबांना कळलं तर मला घेऊन जातील."

चंदाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "काका कशाला बसलेत समितीत? जाब विचारायलाच ना? मी शब्द देते तुला."

आणि दिला. तिथंच चुकलं म्हणा.

दादारावांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "निनावी चालत नाही."

"अहो, ती घाबरलीय."

"घाबरण्याचा प्रश्नच नाही, चंदा. निनावी तक्रार मी नोकरीत कधी वाचलीसुद्धा नाही, सरळ टोपलीत. उद्या कुणीही उठून कुणाबद्दल काहीही म्हणेल. नाव असेल तर वजन येतं. आणि ही समिती आहे, पानटपरी नाही!"

दारात उभी लुंबिनी मान हलवत होती, नको म्हणून. तेव्हा चंदाबाईच म्हणाल्या, "दे गं नाव. काका आहेत ना." पोरीनं एकदा काकूंकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

आता या समितीची एक रीत होती, ती चंदाबाईंना ठाऊक नव्हती. सभेच्या आधीच्या शनिवारी सदस्यांनी थान्यात जायचं. एसएचओच्या खोलीत चहा, समोसे, आणि सभेत कोण काय विचारणार हे साहेबांना आधीच सांगून टाकायचं. साहेब ऐनवेळी अडचणीत यायला नकोत ना! ज्याच्याकडून जाब घ्यायचा, त्यालाच विचारायचं, काय विचारू? चोराला विचारून कुलूप लावण्यातला प्रकार. पण दादारावांना त्यात काही गैर दिसलं नाही. मंत्रालयात संसदेचे प्रश्न येत, तेव्हा उत्तरं आधी तयार व्हायचीच. सुशासन म्हणतात त्याला.

तर त्या शनिवारी समोसे खाऊन आलेले दादाराव सोफ्यावर बसून सांगत होते, "साहेब फार सज्जन. एक शब्द आडवा बोलले नाहीत. ओमवीरला तिथल्या तिथं बोलावलं आणि माझ्यासमोर असा झापला की बस्स!"

चंदाबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. "तुमच्यासमोर? म्हणजे नाव घेतलंत पोरीचं?"

"घ्यावंच लागतं. ज्याच्यावर आरोप, त्याला आरोप करणारा कोण ते कळायला नको? नैसर्गिक न्याय आहे तो."

"कुठं राहते, तेही सांगितलंत?"

"त्यानं विचारलं, कौनसी लुंबिनी? मग मी सांगितलं, प्रधानजींच्या घरातली, तिसरा मजला. संदिग्धता नको."

"वा!" बाई म्हणाल्या. "वाघाला बकरीचा पत्ता नेऊन दिलात. वर समोसे खाल्लेत. जीभ झडली कशी नाही हो तुमची?"

"तू उगाच भावनेच्या भरात—"

त्या पुढं ऐकायला थांबल्या नाहीत. चपला अडकवून गावाकडे निघाल्या, पण लुंबिनी लायब्ररीत होती, फोन बंद. सकाळी पुन्हा गेल्या, तोवर काम झालं होतं. ओमवीर साहेबांचा ओरडा खाऊन थेट प्रधानजींकडे गेला होता. या मुलीकडे पोरं येतात, व्हेरिफिकेशन नाही, उद्या काही झालं तर तुम्ही आत जाल, असं घरमालकाला सांगून आला. प्रधानजींनी एका दिवसाचीही सवड दिली नाही. जिन्यात गादीची वळकटी, पुस्तकांनी भरलेली दोन पोती, बादली, त्यात कुकर. वरच्या-खालच्या मजल्यावरची माणसं दारात उभी राहून बघत होती. कुणी एक पोतं उचलायला पुढं येईल तर शपथ! त्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "शकल से तो शरीफ लगती थी." चंदाबाईंना वाटलं, या जिन्यावरच ओकावं.

लुंबिनी रडत नव्हती. तिनं बादली उचलली.

"काकू, मी म्हटलं होतं, नाव नको."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी तिला रिक्षात घालून मुनिरकाला तिच्या मैत्रिणीच्या खोलीवर पोचवलं. तिथं आधीच तिघी होत्या, ही चौथी. पण ओमवीरचं पोट भरलं नव्हतं. घरमालकाकडून हिंगोलीचा नंबर घेऊन त्यानं वडिलांना फोन केला. थान्यातून बोलतोय, मुलीला सांभाळा, इथं तिच्याबद्दल बऱ्याच गोष्टी कानावर येतायत. वडील हादरले. गावी आयुष्यभर शाळामास्तरकी केलेला तो माणूस. त्यांनी दादारावांना फोन लावला, चंदाबाईंनी तो स्पीकरवर घ्यायला लावला.

"दादारावभाऊ, मी पोरीवर अविश्वास नाही दाखवत. पण पोलीस खोटं बोलेल का? तुम्ही समितीत आहात. तिथं चारचौघांत खरं काय ते निघालं, हवालदाराची चूक ठरली, तर पोरगी राहील तिथं. परीक्षा देईल. नाहीतर मी येतो आणि घेऊन जातो."

"निघेल," दादाराव म्हणाले. "सभेत मी स्वतः विषय मांडतो. जय भीम."

फोन ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "एवढं करा. मग मी तुम्हाला जन्मात काही बोलणार नाही."

सभा बारातघरात, म्हणजे गावच्या लग्नाच्या हॉलमध्ये, होती. पाठीमागे आदल्या दिवशीच्या लग्नाचा गुलाबी पडदा तसाच, समोर खुर्च्या, आणि बाहेर सभेनंतरच्या छोले-भटुऱ्यांचा वास. लोक आले होते पुष्कळ, वास धरून आले असावेत. पार्षद मधे, उजवीकडे एसएचओ. आधी शाली झाल्या, मग गुच्छ, मग फोटो. जाब मागणाऱ्यांनी जाब देणाऱ्याच्या गळ्यात हार घालायचा, ही तऱ्हा! दाराशी ओमवीर उभा होता, छातीवर नावाची पट्टी, लोकांना पाण्याच्या बाटल्या वाटत. चांगला उजळ, तिशीतला, हसतमुख माणूस. चंदाबाईंच्या हातातही त्यानं बाटली दिली, "लीजिए आंटीजी" म्हणत. त्यांनी ती खुर्चीखाली ठेवून दिली.

एसएचओ उभे राहिले. चोऱ्या कमी, भांडणं कमी, व्हेरिफिकेशन जवळजवळ पूर्ण. "और महिलाओं की तरफ से इस तिमाही में एक भी शिकायत नहीं आई." टाळ्या. "ये आपका विश्वास है." आणखी टाळ्या. पार्षदांनी तर उभं राहून वाजवल्या.

चंदाबाईंनी पहिल्या रांगेत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. उठा. आता उठा.

दादाराव उठले. गळ्यातलं कार्ड सरळ केलं, माईक हातात घेतला.

"अध्यक्ष महोदय," दादाराव शुद्ध हिंदीत म्हणाले, "समिती की ओर से आभार प्रदर्शन का दायित्व मुझे सौंपा गया है."

आणि आभार मानू लागले! पार्षदांचे, एसएचओंचे, टेंटवाल्याचे, भटुरेवाल्याचे. "पुलिस और जनता के बीच का यह सेतु" असं काहीतरी म्हणाले. खाली बसताना पार्षदांनी त्यांची पाठ थोपटली. पुढच्या वर्षी त्यांना उपाध्यक्ष करायचं घाटत होतं, हे चंदाबाईंना शेजारच्या बाईकडून तिथंच कळलं. "बधाई हो," ती म्हणाली.

शी! कसली माणसं ही. ज्या ताटात जेवावं त्यात थुंकणारी नव्हेत, थुंकलेलं चाटून पुसून खाणारी. आणि त्यातला एक आपल्या घरचा. याचे सदरे आपण धुतो, याची बीपीची गोळी आपण काढून देतो. चंदाबाई उठून उभ्या राहिल्या, आपण उठलोय हे त्यांना नंतर कळलं.

"शिकायत है," त्या म्हणाल्या.

माना वळल्या. पार्षद हसले. "बोलिए माताजी. पानी का मामला है?"

"नहीं. हवालदार का मामला है. वह जो दरवाज़े पर खड़ा है. अकेली लड़कियों के कमरे में जाता है, हाथ पकड़ता है. एक लड़की ने शिकायत की, तो इसने उसको घर से निकलवा दिया. उसके बाप को फोन करके बदनाम किया."

एसएचओंचा चेहरा जराही हलला नाही. "मैडम, शिकायत किसकी है? नाम बताइए. बिना नाम के हम—"

लुंबिनीचं नाव ओठावर आलं आणि बाईंनी ते गिळलं. "मेरा नाम लिखो. चंदा गजभिये. रिटायर्ड स्टाफ नर्स. मैं शिकायत कर रही हूं."

मागून कुणीतरी "सही बात है" असं पुटपुटलं. एक खुर्ची सरकली. एक पोरगी, कॉलेजची असावी, अर्धवट उठली होती. अजून एखादं मिनिट मिळालं असतं, तर ती बोलली असती. चंदाबाईंनी तिला पाहिलं.

दादारावांनीही पाहिलं असावं. ते लगबगीनं आले, बायकोचा दंड धरला आणि पार्षदांकडे वळून ओशाळं हसले.

"क्षमा कीजिए. मेरी धर्मपत्नी हैं. इनकी तबीयत कुछ दिनों से ठीक नहीं. नींद नहीं आती, तो ऐसा... दवाई चल रही है."

"ओहो," पार्षद म्हणाले. सगळा हॉल सुटल्यासारखा "ओहो" म्हणाला. मागची पोरगी खाली बसली.

"कुणाची दवाई?" बाई मराठीत ओरडल्या. "कुणाला वेड लागलंय? सोडा हात! तुम्ही शब्द दिला होता त्या मास्तरांना!"

मराठी कुणाला कळत नव्हती. बाई भलत्याच भाषेत ओरडतेय, एवढंच सगळ्यांनी पाहिलं आणि दादारावांचं म्हणणं पटलं. कुणीतरी कनवाळूपणे पंखा त्यांच्याकडे वळवला. एसएचओ खाली उतरून आले, आवाज मऊ करून म्हणाले, "कोई बात नहीं गजभिये साहब. घर में सबके बुज़ुर्ग हैं. आप बैठिए, खाना खाकर जाइएगा. मैडम को हम छुड़वा देते हैं." आणि दाराकडे वळून हाक मारली, "ओमवीर! आंटीजी को आराम से घर छोड़ आ."

ओमवीर बाटल्यांचा खोका खाली ठेवून आला. वाकून त्यानं चंदाबाईंची पर्स उचलली आणि खांद्याला लावली.

"आइए आंटीजी. पता तो मेरे पास है नहीं, बताइए?"

"फ्लैट नंबर बारह, बी ब्लॉक," दादाराव म्हणाले, आणि हात जोडून एसएचओंचे आभार मानू लागले.