महिपतची मुकी भिंत

तुमचा विश्वास बसायचा नाही, पण ठाण्यात महिपत गवंड्याने अशी खोली बांधली होती की तिच्यात शिरलेला डास स्वतःचाच आवाज ऐकून घाबरून मेला. मेलेला डास मी पाहिला आहे. आणि महिपतच्या तेराव्याला, त्याच्याच पडवीत, त्याची हौसाबाई दाराशी बसलेली असताना मी वाढवून सांगेन होय?

खोली आमच्या शेजारच्या त्र्यंबकरावांची. कोर्टातले पेन्शनर शिरस्तेदार. घराच्या एका अंगाला आगगाडी, दुसऱ्या अंगाला तांबटांचे हातोडे. त्यात कान उतरत चाललेले. वैद्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर कानांचं काही खरं नाही. त्र्यंबकरावांची इच्छा एकच, कमळाबाईंच्या ओव्या एकदा नीट ऐकायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात बाई जात्यावर गुणगुणत, तेही चाहूल लागली की गप्प. लोक ऐकतील, हा धाक. म्हणून बाहेरचा ठोका आत येऊ नये आणि आतला सूर बाहेर जाऊ नये, अशी खोली त्यांनी महिपतला सांगितली.

महिपतने भिंतीच्या आत दुसरी भिंत घातली. मध्ये वीतभर फट, तीत भाताचं तूस ठासलेलं. दाराला गादी शिवली. गणपती झाले तेव्हा काम संपलं. दार लावून पाहतो तर तांबट जणू त्र्यंबकरावांच्या मांडीवर बसून हंडा ठोकतोय.

महिपत भिंतीला कान लावून दिवसभर सरकत राहिला, आणि त्याला चूक सापडली. जाड भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहावीत म्हणून मधूनमधून लांब दगड आरपार घालायची गवंड्यांची रीत. हाताने सवयीने तसे सात दगड घातले होते. पुलावरून गाडी यावी तसा ठोका त्यांवरून आत येत होता.

दगड काढलेस तर भिंत कोसळेल, असं मी म्हटलं.

"कोसळंल तर माझ्यावर कोसळंल," तो म्हणाला. बापाने शिकवलेलं बाजूला ठेवून त्याने सातही दगड उपसले आणि आतली भिंत पायाशी रुंद करून नव्याने रचली. कुणाला न टेकता एकटी उभी राहील अशी. असा गवंडी मी दुसरा पाहिला नाही.

धनत्रयोदशीला नवराबायको आत गेली. दार लागलं. मी आणि महिपत बाहेर ओटीवर. कमळाबाईंनी पहिली ओवी घेतली; आवाज पातळ, पण काय गोड! दुसरीला त्र्यंबकराव रडले. म्हणाले, आणखी एक म्हण, घाई करू नकोस. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या हौसाबाईने वर पाहिलं.

"दार लावलेलं होतं ना, तात्या?"

घट्ट लावलेलं होतं, मी म्हटलं.

"मग तुमी खोटं बोलता. माझ्या धन्याच्या भिंतीतून आवाज भायेर येत नाय."