पाच पहाटांचे आकडे

शनिवारी सकाळी सव्वासहाला फरहत तळ्याच्या बांधावर पोचली, तेव्हा तिथे तीस-चाळीस माणसं जमलेली होती. एरवी या वेळी तिथे एकटा कान्हू असायचा. तिने स्कूटी उभी केली आणि पाण्याकडे पाहिलं. काठापासून मधल्या खडकापर्यंत पोटं वर केलेले मासे तरंगत होते. कटले, रोहू. काही कटले हातभर लांब होते.

कोळवण खोऱ्यातल्या या पाझर तलावात गावच्या मच्छीमार सोसायटीने तीन वर्षं हे मासे वाढवले होते. फरहत पौडची, अलाउद्दीन हार्डवेअरवाल्यांची मुलगी. पुण्याला पीएचडी करत होती. चौदा महिने ती रोज पहाटे येऊन या तळ्यातला प्राणवायू मोजत होती. वरच्या कातकरवाडीतला कान्हू तिला ट्यूबच्या तराफ्यावरून मध्यापर्यंत न्यायचा. निम्म्या माशांची गावठी नावं तिला त्यानेच शिकवली होती.

आज कान्हू बांधावर मातीत बसला होता. चेअरमन कुशाबाच्या पुतण्याने, रोहितने, त्याची कॉलर धरून ठेवली होती. समोर कान्हूच्या घरातून आणलेलं एक पोतं उपडं केलेलं होतं आणि त्यातली वाळलेली गेळफळं पसरली होती.

"बरं झालं मॅडम, आलात," कुशाबा म्हणाला. तो एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. आवाज कधी चढवायचा नाही, आजही चढवला नव्हता. "तुमी शिकलेल्या हायेत. ह्यानं पाण्यात काय कालवलंय त्ये सगळ्यांम्होरं सांगा. पोलिसांना फोन केलाय. पौडवरनं निघालेत."

"अण्णा, त्ये औषिदाचं हाय," कान्हू म्हणाला. "बाळाबाई देती लोकांला, वकारी काडायला."

"आन् वढ्यात मासं धरायला हीच फळं ठेचून टाकता का न्हाई तुमी?" रोहितने विचारलं.

"टाकतो," कान्हू म्हणाला. "वढ्यात टाकतो. तळ्यात न्हाई."

गर्दीतून कुणीतरी शिवी हासडली. रोहितने कॉलर आणखी पिळली. कान्हूची बायको बाळाबाई थोड्या अंतरावर उभी होती. लोक तिला पुढे येऊ देत नव्हते.

कान्हूने मान वर करून फरहतकडे पाहिलं.

गुरुवारी पहाटे तराफ्यावरून त्याने वल्ह्याने दाखवलं होतं. कटले पाण्यावर येऊन तोंडं उघडमीट करत होते. "मासं वर तोंड काडत्यात, ताई. अण्णाला सांगा. माजं कोन ऐकतंय?" आणि ती म्हणाली होती, "आभाळ उघडेल उद्या. बघू." आता तो हे सगळं बोलेल असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली. कान्हूने मान खाली घातली.

ती काठाशी गेली आणि मीटर पाण्यात सोडला. शून्य पूर्णांक सहा. मग तिने बाटली बुडवून काठचं पाणी घेतलं आणि ती कुशाबासमोर धरली. बाटलीत चार-पाच दांडवणं, बोटाच्या पेराएवढे मासे, आणि पाणकिडे सुळसुळत होते.

"हे विष नाही," ती म्हणाली.

"कशावरनं?" रोहित म्हणाला.

"ओढ्यात फळ टाकलं की आधी कुठले मासे मरतात? विचारा कुणालाही. बारीक मरतात. इथे बारीक जिवंत आहेत, किडे जिवंत आहेत. मेलेत ते मोठे. पाण्यातला प्राणवायू संपलाय, आणि मोठ्यांना तो जास्त लागतो."

"येवढ्या पान्यातला कसा काय संपंल?" मागून एका बाईने विचारलं.

फरहतने कुशाबाकडे पाहिलं. हे बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "गणपती झाल्यावर सोसायटीने तीन ट्रॉल्या कोंबडखत टाकलं. त्यामुळे पाणी हिरवं झालं. हे हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि अंधारात खातं. गेले पाच दिवस ऊन नाही. रोज पहाटे थोडा थोडा कमी होत गेला."

ट्रॉल्या कुशाबाच्या होत्या. टाकायचं त्यानेच ठरवलं होतं, मासे लवकर वाढतील म्हणून. लोक त्याच्याकडे बघायला लागले. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हंजी मी मारलं व्हय?" तो सावकाश म्हणाला. मग त्याची नजर तिच्या पिशवीवर गेली. "रोज कमी व्हत गेला, म्हनता. तुमाला ह्ये कदी कळलं?"

'आत्ता' म्हणता आलं असतं. मीटर हातात होता, वही कुणी पाहिलेली नव्हती. पण मग कुशाबा म्हणाला असता, एका आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि पोलीस वाटेवर होतेच.

तिने वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. "मंगळवार, चार पूर्णांक आठ. बुधवार, तीन पूर्णांक सात. गुरुवार, दोन पूर्णांक चार. काल, एक पूर्णांक तीन. आज शून्य पूर्णांक सहा."

"किती असाया पायजे?"

"तीनच्या खाली गेला की धोका."

कुशाबाने बोटांवर मोजलं. "म्हंजी बेस्तरवारीच तुमाला म्हाईत व्हतं."

"हो. आणि कान्हूदादांनी त्याच दिवशी तुम्हाला कळवा म्हणून मला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही पंप लावले असते. मला आकडे कुठवर उतरतात ते मोजायचं होतं." तिने वही मिटली. "मासे मरतील असं वाटलं नव्हतं. पण तशी भीती होती."

रोहितने कान्हूची कॉलर सोडली आणि तो तिच्याकडे चालत आला. "मग धरायचं तर हिला धरा," तो म्हणाला. दोघे-तिघे त्याच्या मागे सरकले. मागे पाणी होतं, फरहतला हलायला जागा नव्हती.

"मला जे म्हणायचं ते नंतर म्हणा," ती म्हणाली. "ओढा येतो त्या कोपऱ्यात अजून कटले श्वास घेताहेत. भाताला पाणी देता ती इंजिनं आणा. पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात टाकायचं, बस. तासभर उशीर झाला तर तेही जातील."

कुणी जागचं हललं नाही. इंजिन कुणाचं आणायचं हा प्रश्न होता आणि तिचं ऐकायचं का हाही होता.

कान्हू उठला. अंगावरची माती न झटकताच तो बांध उतरला आणि ओढ्याच्या कोपऱ्यात कमरेइतक्या पाण्यात शिरला. ओंजळीने पाणी उडवून त्याने बघितलं. "जित्तं हायेत," तो तिथून ओरडला. "लई हायेत."

कुशाबाने पुतण्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं. "आपलं इंजिन घिऊन ये. भिकूचं बी."

पोलीस आले तेव्हा दोन इंजिनं सुरू झाली होती. पाइपातलं पाणी खडकावर आपटून तळ्यात पडत होतं. कुशाबाने हवालदाराला गैरसमज झाल्याचं सांगितलं आणि गाडी परत पाठवली. कान्हूची माफी कुणी मागितली नाही. बाळाबाईने फळं एक-एक करून पोत्यात भरली.

फरहत दर दहा मिनिटांनी मीटर बुडवत होती. सातला शून्य पूर्णांक नऊ. आठला दीड. नऊच्या सुमाराला ढग विरळ झाले आणि मीटरने अडीच दाखवलं. कोपऱ्यातले कटले खोल पाण्यात उतरले. दुपारी मत्स्य विभागाचे अधिकारी आले, त्यांनीही तेच कारण लिहिलं. अर्ध्याहून थोडे कमी मासे वाचले होते.

निघताना ती कान्हूपाशी थांबली. तो मेलेले मासे टोपलीत भरत होता.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर कुनी खरं धरलं असतं का?" तो म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. "तुमी बोलला नसता तर मी आज आत असतो. त्ये खरं. पन बेस्तरवारी बोलला असता तर हितं कुनी जमलंच नसतं."

तिने टोपलीची दुसरी बाजू धरली. त्याने धरू दिली.

सोसायटीने ठराव करून तिला तळ्यावर यायला बंदी केली. तिने प्रबंधात तो आठवडा जसा झाला तसा लिहिला, गुरुवारी इशारा दिला नाही या वाक्यासकट. ते वाक्य काढायला मार्गदर्शकांनी दोनदा सांगितलं. तिने काढलं नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरच्या एका सकाळी कुशाबाचा फोन आला. तो म्हणाला, "पानी पुना हिरवं दिसतंय. खत न्हाई टाकलं औंदा. वरच्या फार्महाउसांचं घान पानी येत असंल. तुमी येऊन बघाल का?"

"येते," फरहत म्हणाली.

"कान्हूला इचारलं. त्यो म्हनतो, आकडा वहीत लिवायच्या आदी आमाला सांगायचा. तरच तराफा काडंल."

"चालेल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पौडहून निघाली.