भिकननानांचं धन्याचं पाणी

माझे सासरे भिकननाना यांच्या लघवीतून एप्रिलात रक्त गेलं. दुखलं-खुपलं काहीच नाही. आमच्या शिरपूरकडे उन्हाळ्यात कुणाला काहीही झालं तरी त्याला एकच नाव: उष्णता. नानांनी धने भिजवून ते पाणी ढोसलं आणि दोन दिवसांत लघवी स्वच्छ. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. ओट्यावर बसून अख्ख्या गावाला इलाज वाटू लागले, "धनानं पानी पी, बठ्ठं साफ!"

जूनमध्ये पुन्हा लाल. पुन्हा धने, पुन्हा थांबलं, आणि आमच्या या घरच्या वैद्यबुवांचा भाव आणखी वधारला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "बरा मानुसनी डॉक्टरकडे कसाले जावानं?"

मला चीड यायची, भीतीही वाटायची. धुळ्याच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "न दुखता रक्त जातं, तेच लवकर बघायला हवं. आपोआप थांबतं, म्हणून माणूस फसतो."

हे मी सासूबाईंना सांगितलं. जन्मात खोटं न बोललेली ती बाई भाकरी थापता थापता नानांना म्हणाली, "आयकं का? धुळाना डॉक्टरले तुमना उपाय समजी लेना शे."

डॉक्टरांना उपाय शिकवायला नाना कडक इस्त्रीची टोपी घालून, धन्यांची पिशवी घेऊन निघाले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिडी ओढता?"

"नही."

सासूबाईंनी त्यांच्या खिशातलं बंडल काढून टेबलावर ठेवलं.

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. दुर्बिणीनं लघवीच्या वाटेनंच ती काढली. कॅन्सर निघाला, बिडीचाच प्रसाद, पण वरवरचा. मग गाठ परतू नये म्हणून दर आठवड्याला नळीनं मूत्राशयात बीसीजी. तान्ह्या पोरांना दंडावर टोचतात तीच लस, हे कळल्यावर नाना लाजून चूर झाले.

शेवटच्या डोसानंतर डॉक्टर म्हणाले, "गाठ परत येऊ शकते. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण."

बसमध्ये मी मागच्याच बाकावर बसले होते; नाना सासूबाईंना म्हणाले, "तू मनासंगे खोटं बोलनी."

"हां."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "माले दुर्बीणनी भीती वाटस. मी खुशीथीन येवाव नही. तू आखो एखादं नवं खोटं जुळाडी ठेव."

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"जुळाडी ठेयेल शे," त्या म्हणाल्या.